रडकी हॅटी आणि शहाऐंशीचा घोटाळा

तीर्थस्वरूप हॅटीआत्या हिस,

वेंडेलचा तव्यापुढून, टोपी काढून, हातातला झारा बाजूला ठेवून नमस्कार. तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? खोकला गेला का? मनापासून विचारतोय गं, दरवेळेसारखं रीत म्हणून नाही. तू ठणठणीत असावीस असं मला फार फार वाटतं. फक्त या शनिवारी गावाला ते कळू नये, असंही वाटतं. (घाबरू नकोस, ओळीने सांगतो.)

नवा हमरस्ता गावाबाहेरून गेल्यापासून आपल्या खानावळीकडे ट्रकवाले फिरकेनासे झालेत. सकाळी दहाला मी आणि ल्युएला (आपली वाढपीण, तिचं तोंड तुला आठवत असेलच) एकमेकांनाच कॉफी विचारतो. अशात गावच्या कौन्सिलने ठरवलं, की ‘रडकी हॅटी’ हे सँडविच जिथे जन्मलं त्या दारावर पितळेची पाटी लावायची आणि दरवर्षी तिथेच जत्रा भरवायची. पाटी मिळाली तर दुकान तरलं, नाही तर बाबांचा तवा भंगारात. आत्या, तो तवा भंगारात गेलेला मला बघवणार नाही, हे स्पष्टच लिहितो.

आता यात वाद तो काय, असं तू म्हणशील. कांद्याने आणि झणझणीत मुळ्याच्या किसाने डोळ्यांतून पाणी काढणारं ते सँडविच बाबांनी केलं, आणि कांदे सोलताना तू नाकडोळे गाळायचीस म्हणून तुझं नाव दिलं. पण समोरचा खानावळवाला मर्ल टकर (त्याच्याकडचा ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ खाऊन अजून कोणी मेलं नाही, हेच नवल) छातीठोकपणे सांगत सुटलाय, की हॅटी ही त्याच्या आजोबांची गाय होती, आणि ती रात्रंदिवस हंबरायची. गाय! मी म्हटलं, आमच्या आत्याने काय घोडं मारलंय?

निवाडा करायला कॉलेजातून मिस प्रुइट नावाची बाई आली. शब्द गोळा करणं हा तिचा धंदा. फुलपाखरं पकडावीत तशी वहीत शब्द पकडते. तिच्याकडून मला कळलं, की सँडविच हा मुळात इंग्लंडातला कोणी उमराव आणि हॅमबर्गर हे नाव जर्मनीतल्या एका शहरावरून आलेलं. (तीस वर्षं मी ते भाजतोय, त्यात हॅम, म्हणजे डुकराचं मांस, का नाही असा प्रश्न एकालाही पडला नाही!) मग मी तिला आपली तव्याची भाषा शिकवली. तराफ्यावर आदम आणि हव्वा म्हणजे टोस्टवर दोन अंडी. ‘मोडून टाक’ म्हटलं की तीच फेटून. नोआचा पोरगा म्हणजे हॅम, कारण बायबलात त्या पोराचं नावच हॅम. आणि शहाऐंशी म्हणजे संपलं, उरलं नाही, पुन्हा मागू नका. हे कुठून आलं, ते बाईलाही नीट ठाऊक नव्हतं. कोणी म्हणतं एका गुत्त्याचा घरनंबर, कोणी म्हणतं ‘नाही’ अर्थाच्या एका इंग्रजी शब्दाशी नुसतं यमक जुळलं. तिने वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि ‘शहाऐंशी, शहाऐंशी’ असं पुटपुटत बसली.

मग मी तुझी गोष्ट सांगितली. नुसते कांदे काही गायीला पुरे पडले नसते, म्हणून थोडी फोडणी दिली. तू सतराव्या वर्षी एका खलाशाची वाट बघत आपल्या काउंटरवर अकरा दिवस रडलीस, असं सांगितलं. (रागावू नकोस. खलाशी देखणा दिला आहे.) बाईचे डोळे भरून आले. तिने विचारलं, मग हॅटी आता कुठे असतात? नेमकं त्याच क्षणी ल्युएला तिकडून ओरडली, चेरीचा पाय आहे का? आणि मी मान न वळवता ओरडलो, शहाऐंशी!

मिस प्रुइटने चष्मा काढला, माझ्या पिठाच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, फार वाईट झालं हो.

मी खुलासा करणारच होतो. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण शेजारी बसलेला कौन्सिलचा माणूस म्हणाला, बरं झालं, कारण नियमाप्रमाणे जिवंत माणसाच्या नावाची पाटी लावता येत नाही. (मागे एकाची लावली, तर तो पुढच्याच वर्षी पाद्र्याच्या बायकोबरोबर पळाला.) मर्लची गाय कधीच गेली आहे, म्हणजे तीही पात्र. मी तोंड मिटलं. पाटी आपल्याला मिळाली. बाकी सर्व क्षेम.

तुझा लाडका भाचा,
वेंडेल क्राउस

ता. क. शनिवारी दुपारी पाटी लागणार आहे. तेव्हा कृपा करून तिकडे तुझ्या स्क्रँटनमध्येच राहा, खिडकीत बसू नकोस, आणि आपल्या गावच्या वर्तमानपत्राला तुझी ती खरमरीत पत्रं निदान महिनाभर धाडू नकोस.

ता. क. २. घात झाला! ल्युएला आत्ता सांगतेय, की तुला आनंदाचा धक्का द्यावा म्हणून तिने आठवड्यापूर्वीच तुला शनिवारच्या बसचं तिकीट धाडलंय. तू येणारच, मी तुला ओळखतो. मग एवढं कर, काळे कपडे घालून हॅटीची धाकटी बहीण मिनी म्हणून उतर. धाकटी म्हटलंय, लक्षात घे.

ता. क. ३. हॅटी कशाने गेली, असं लोक विचारतील. कौन्सिलला मी न्यूमोनिया सांगितलाय, पाद्र्याला चेरीच्या झाडावरून पडली असं, आणि मिस प्रुइटला खलाशाच्या विरहाने. तिघेही पहिल्या रांगेत बसणार आहेत. तुला यातलं कुठलं बरं वाटतं ते तारेने कळव.