अक्कासाठी उकळलेलं पाणी

२४ मार्च, सोमवार

अक्का आली. त्रिचीच्या विमानतळावर मी आणि अप्पा गेलो होतो. ट्रॉली ढकलत बाहेर आली तेव्हा आधी पोट दिसलं, मग ती. सहावा महिना. नऊ वर्षं सिंगापुरात आहे. याआधी दोनदा राहिलं, दोन्ही वेळा गेलं. दुसरं पाचव्यात. म्हणून यंदा पाचवा उलटेपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोललंसुद्धा नाही.

पावणेदोन महिने राहणार, मग परत. बाळंतपण तिकडेच. भावजींनी तसं ठरवलंय.

तंजावरच्या वाटेवर गाडीतून हात दाखवून म्हणाली, "सुभे, उसाचा रस."
"नाही."
"बर्फ नको म्हणून सांगू त्याला."
"तरी नाही. त्याची बादली बघ."
"अप्पा, आल्या आल्या सुरू झाली हो मास्तरीण!"
अप्पा हसले. गाडी मात्र थांबवायला सांगितली नाही.

२६ मार्च

पा. उ. (पाणी उकळलं. रोज लिहायचं, म्हणजे चुकणार नाही.)

घरात कॉलेजला गेलेली मी एकटी. त्यातून विषय सूक्ष्मजीवशास्त्र. तेव्हा हे काम माझंच. अक्काच्या तिकडच्या डॉक्टरांनीही तेच सांगून पाठवलंय: उकळलेलं पाणी, गरम शिजवलेलं अन्न, कापून ठेवलेली फळं नाहीत, कच्चं दूध नाही, बर्फ नाही. परदेशी सुट्टीला जाणाऱ्या गरोदर बाईला सांगतात तसं सगळं. ते वाचून अक्का हसली होती म्हणे. "मी परदेशी कुठे चाललें? आईकडे चाललें."

आईला राग आलाय. "तुम्हां दोघींना याच विहिरीच्या पाण्यावर वाढवलं. मेलात काय?"
मी म्हटलं, "आई, तिचं पोट आता इथलं राहिलं नाही."
"इथलं नाही म्हणजे काय गे?"

काय सांगणार? तिकडे नळाचं पाणी तसंच पितात. नऊ वर्षं तिनं तेच प्यायलंय. आणि गरोदरपणी शरीर… पण आई पदराला हात पुसत आत गेली होती.

३० मार्च, पाडवा

पा. उ. कडुनिंबाची फुलंही त्याच पाण्यात धुतली. अक्का म्हणाली, "साबण नाही लावलास?"

शेजारच्या गल्लीतून तीन घरांतून वाट्या आल्या. कुणाची कोशिंबीर, कुणाची डांगर पचडी. दह्यात कच्चं उडदाचं पीठ कालवलेली. अक्काचा जीव त्या पचडीवर. पोटुशीला आलेलं परत करत नाहीत. घेतलं, हसून घेतलं, आणि मागच्या दारी मी ओतून टाकलं. अक्का दारात उभी राहून बघत होती. जेवली नाही नीट.

मी बरोबर आहे हे मला माहीत आहे. बरोबर असून इतकं वाईट वाटतं?

४ एप्रिल

पा. उ.

आज आईनं सांगितलं. अक्काचं दुसरं गेलं तेव्हाच आईनं रामाला नवस बोलला होता: पुन्हा राहिलं आणि टिकलं, तर रामनवमीला दारात पानक वाटेन, पोरगी आपल्या हातानं वाटेल, आणि शेवटचा पेला स्वतः पिईल. आमच्या घरात नवमीला गुळाचं पानक आणि पातळ ताक वाटायचंच, मराठी राजांबरोबर पूर्वज तंजावरला आले तेव्हापासून. नवस तेवढा नवा.

मी म्हटलं, "वाटू दे. पाणी मी करणार."
आईनं सुंठेचा डबा खाली काढला. मग म्हणाली, "कर. रामाला काय, उकळलेलं चालेल."

किती मोठं मन करून म्हणाली ते मला कळलं. दोन पातेली भाड्यानं आणायची. वेलदोडा, सुंठ आईकडे.

६ एप्रिल, रामनवमी

सगळं नीट केलं होतं. काल दिवसभर पाणी उकळून, झाकून, गार करून ठेवलं. गूळसुद्धा पाण्याबरोबर उकळून गाळला. पेले गरम पाण्यातून काढले. अप्पांनी दुकान बंद ठेवून दारात मांडव घातला. शिंप्याचा मांडव, म्हणून चारी बाजूंनी अस्तराच्या कापडाची झालर. अक्का खुर्चीवर बसून वाटत होती. हिरवी साडी, घाम, आणि इतकी खूश. रिक्षावाले, गल्लीतली मुलं, समोरचा पोस्टमन, सगळ्यांना "अजून घ्या, अजून घ्या".

मग तिरुवैयारूहून मामा आले. आईचे थोरले भाऊ. तिथल्या देवळात कामाला आहेत. खांद्यावर पितळी कळशी. कावेरीचं पाणी. नदीत आत्ता धड पाणी नाही, वाळूत कुठेकुठे डबकी आहेत. तेवढ्यासाठी उन्हात कुठवर चालत गेले असतील कोण जाणे.

"कावेरी नाही तर पानक कसलं?" म्हणाले, आणि मी पुढे व्हायच्या आत पळीभर पातेल्यात. मंत्र म्हणत.

दारात सगळी गल्ली. आई हात जोडून उभी. मी म्हटलं, "मामा…"
"काय गे कण्णा?" लहानपणच्याच लाडक्या हाकेनं.
मी पुढे बोललेच नाही.

अक्का माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळत होतं. शेवटचा पेला तिनं भरला. मी मान हलवली, नको. ती हलकेच म्हणाली, "आईचा नवस आहे गे," आणि प्यायली. एका दमात नाही. चवीनं.

मामांच्या पायाला फोड आलेत. आई खोबरेल लावत होती.

१५ एप्रिल

पा. उ. काही झालं नाही. अक्काला काही नाही. रोज विचारते, जुलाब? ताप? उलटी? "तूच होशील आजारी विचारून विचारून." बाळ लाथा मारतं. माझा हात धरून लावला. आत कोणीतरी कूस बदलली.

मी उगाच घाबरते असं आईचं मत. असेलही.

२७ एप्रिल, रविवार

बांगड्या भरल्या. सातवा. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल-हिरवे. चिंचभात, लिंबूभात, नारळाचा भात, दहीभात, गोडाचा भात. सगळं गरम असतानाच तिला आधी वाढायचं, हे आईनं स्वतःच केलं, मला न विचारता. भावजी व्हिडिओवर होते. बांगड्या वाजवून दाखव म्हणाले. तिनं वाजवल्या. तिकडे ते रडत होते, इकडे मामा.

फार दिवसांनी आम्ही सगळे…

लिहीत नाही. नजर लागते म्हणतात. मी मानत नाही, पण लिहीत नाही.

९ मे

अक्काला ताप. जेवण नको, वासही नको. अप्पा म्हणतात, उन्हाचं आहे. आई म्हणते, दृष्ट. मीठमिरच्या ओवाळल्या. मी जाऊन तिच्या इथल्या डॉक्टरबाईंची वेळ घेतली, उद्याची. पुढच्या आठवड्यात विमान.

१० मे

सकाळी उजेडात खिडकीशी बसली होती. डोळे पिवळे.

मला आधी वाटलं साडीची छाया आहे. साडी निळी होती.

१२ मे

दवाखान्यात दाखल. कावीळ, पाण्यातून होणारी. एरवी माणूस महिन्याभरात उठून बसतो. शेवटच्या महिन्यांतल्या बाईला मात्र… हे मी कॉलेजात शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं. नीट अक्षरात.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "गेल्या दीड-दोन महिन्यांत बाहेरचं पाणी? विहीर, नदी?"

आई बाजूला उभी होती. मी ठरवलं होतं की बाहेर जाऊन एकटीनं सांगेन.

आईच बोलली. "कावेरीचं पाणी प्याली. मी पाजलं."

बाई तिला म्हणाल्या, "अम्मा, ते असेल किंवा दुसरं काही असेल. कॅनचं पाणी, बाहेरचा रस, कापलेली ताडफळं. आता ते कळणार नाही."

खरंच कळणार नाही. बांगड्यांच्या दिवशीही कोण कोण काय आणून भरवून गेलं. अक्कानंच मला काल सांगितलं, मी शाळेत शिकवायला गेले की ती आणि अप्पा दोनदा रस पिऊन आले. "अप्पांना बोलू नकोस गे." अप्पा दवाखान्याच्या पायरीवर बसून आहेत. आत येत नाहीत.

पण आईनं बाईंच्या वाक्याचं पहिलं अर्धंच ऐकलं.

१३ मे

बाळाचे ठोके नीट आहेत. तेवढं लिहिते.

मामा आले. कापडात कीळानेल्लीची, म्हणजे भुईआवळ्याची, पानं. काविळीवर आमच्याकडे सगळे हेच देतात, वाटून ताकातून. मी दारातच थांबवलं. "मामा, इथे डॉक्टरांनी दिल्याशिवाय काही द्यायचं नाही."
"हे झाडपाल्याचं आहे कण्णा, काय बाधणार?"
या वेळी मी बोलले. "नाही मामा."
त्यांनी वाद घातला नाही. पानं परत बांधली. मग विचारलं, "माझ्या कळशीनं झालं काय?"
"ते कळणार नाही, डॉक्टर म्हणाल्या."
"तू शिकलीस. तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. खोटं नव्हतं. खरंही वाटलं नाही. ते बस स्टँडकडे गेले. पाय अजून जरा लंगडतो.

१४ मे

भावजी पोचले. तिच्या उशाशी बसतात, इंग्रजीत बोलतात, मध्येच तमिळ. माझ्यावर ओरडले, "तू असताना?" मग माफी मागितली. मागायची गरज नव्हती.

रिपोर्ट चांगले नाहीत. रक्त गोठायला वेळ लागतोय. म्हणून बाळ आत्ता बाहेर काढायचं की थांबायचं, ते रोज बघणार. मोठ्या दवाखान्यात हलवायचं का, तेही. नर्सनं मला सांगितलं: तिच्याशी बोलत राहा. नाव विचारा, गाव विचारा. फार झोपायला लागली किंवा भलतंच बोलली, तर लगेच बोलवा, यकृत थकलं की डोक्यावर परिणाम होतो.

"तुझं नाव?"
"वत्सला. तुझं डोकं फिरलंय."
"कुठे आहेस?"
"तुझ्या तावडीत."

बाहेर येऊन रडले. सुखानं.

आई घरी चूल पेटवत नाही. गॅससुद्धा. अप्पा हॉटेलातून इडली आणतात. मी म्हटलं, "आई, तुझ्या हातानं काही झालं नाही." ती म्हणाली, "हातानं नाही गे. तोंडानं झालं. नवस मी बोललें."

१५ मे

बहुतेक झोपून आहे. हाक मारली की "अं" म्हणते. बांगड्या उतरवल्या, सुईला जागा हवी म्हणून. एकेक काढताना भावजी खिडकीबाहेर बघत होते.

१६ मे, शुक्रवार

सकाळी डोळे उघडले. कालपासून पहिल्यांदा आपणहून. आई, मी, दोघी होतो. भावजी खाली औषधं आणायला.

"आई, भूक लागली."

आई उठून उभीच राहिली. "काय खातेस बाळा? सांग, काय खातेस?"

"डांगर कर. लवकर कर. शाळेला उशीर होतो."

आणि हसली. जुनी खोडी काढून हसायची तशीच हसली. थट्टा केली, की खरंच… मला तिचं तोंड बघून कळेना. विचारलं, "अक्का, कुठे आहेस?" तिनं डोळे मिटले होते. ओठांवर हसू तसंच.

आईनं शाळेचं ऐकलंच नाही. भूक तेवढी ऐकली. माझा दंड धरला. मला जन्मात काही विचारलं नसेल तिनं, स्वयंपाकातलं तर नाहीच. "देऊ काय गे? दही चालेल? कढवून करूं? पीठ भाजून घेत्यें. तू सांगशील तसं करत्यें."

मी म्हटलं, "कर."

पदर खोचून धावतच गेली. जिन्यावर अप्पांना सांगत होती, भूक लागली म्हणते, आपल्या तोंडानं मागितलं. अप्पा पायरीवरून उठले. दोघं रिक्षात बसताना खिडकीतून दिसली.

मी नर्सला सांगायला निघाले. टेबलापाशी कोणी नव्हतं. हाका मारल्या. आतून आवाज आला, येते, काय झालं?

काय झालं, ते सांगायला मी तोंड उघडलं: भूक लागली, की भलतं बोलली…