नीरजाचा घास

कुस्को, पेरू
९ ऑगस्ट २०२५

ती. ताईस, इथूनच वाकून नमस्कार.

सकाळी टेकडीवरचा पडका किल्ला पाहिला, दुपारी जुन्या गावात फिरलो. तब्येत उत्तम आहे. सुरुवातीला उंचीमुळे धाप लागली, आता जिना चढतो. धापेचं रुचिरला सांगू नकोस, नाहीतर 'बाबा, परत या' म्हणून मागे लागेल.

इथल्या घरांच्या भिंती खाली जुन्या दगडांच्या, वर चुन्याच्या आणि त्यांना निळे लाकडी सज्जे. दगडांच्या सांध्यात केसांतली पिन तरी जाते का, हे नीरजाला पाहायचं होतं. लग्नाच्या वाढदिवसासाठी तिच्याच हौसेनं आम्हा दोघांचा हा प्रवास ठरला होता. तिची पिन आणली होती. जात नाही.

आज तिचं वर्षश्राद्ध. फोनवर तू रागावून म्हणालीस, "तिकडे कावळा नसला तरी आधी तिचा घास काढ, मग जेव." लोणावळ्यात तू ठेवलेल्या घासाला कावळा लगेच शिवला का? तुझा गुडघा कसा आहे?

एका खाणावळीच्या अंगणात बसलो. उकडलेलं कणीस, चीज आणि जांभळे बटाटे आले. एवढे टपोरे दाणे पाहून ती टायगर पॉइंटवरच्या कणीसवाल्याशी भांडली असती.

थोडं थोडं काढून भिंतीकडेला मातीवर ठेवलं आणि वाट पाहिली. कोणीच आलं नाही. मग मालकीणबाई पेला घेऊन आल्या. इथे मक्याचं पेय पिण्याआधी थोडं धरणीला देतात. त्यांनी काही न विचारता घासाशेजारी थोडं ओतलं आणि हातानं खूण करून मला जेवायला सांगितलं.

बटाटे गार झाले होते. मी सगळे खाल्ले.

तुझा धाकटा,
दीनानाथ