पाहुण्यांचा तांब्या

लातूर, रविवार संध्याकाळ

आठवड्यानं नळ आला आणि खोलीत एक भांडं रिकामं नाही. पाहुण्यांचा तांब्यासुद्धा भरलेला!

मुखेडला आई बजावायची, "नळाचा भरवसा न्हाई, दुसरी सोय बघून ठिवावी." तेव्हा सहा माणसांना कितीही भरलं तरी पुरायचं नाही. तेच शिकले मी. ड्रम संपला तर हंडे, हंडे संपले तर तांब्या. पण इथं एकटीला संपतंय कुठं?

शेजारच्या खाला दारातून ओरडल्या, "अगं, नळ आलाय, भर की!"

"भरलेलंच हाय, खाला."

"इतकं कुणासाठी ठिवून राहिलीस गं?"

शिळ्या पाण्यानं सगळा जिना धुतला. लातुरात कुणी असं करतं का? मग पुन्हा काठोकाठ भरलं. तांब्या आधी. आलंच कुणी, तर.