पाणीपुरी, शहाणपणाने

३ मार्च
व्याख्यान झकास झालं! ‘पाणीपुरी खा, पण शहाणपणाने’ — पुरी तळायची नाही, भाजायची. बटाट्याऐवजी मोड आलेले मूग. गोड चटणी बाद! बायकांनी प्रश्न विचारून विचारून भंडावलं. आहारतज्ज्ञ काय उगाच म्हणतात मला!
उरलेल्या पुऱ्या लेकीसाठी घरी आणल्या. हात लावेल तर शपथ. म्हणे, मुगातही कॅलरी असतातच ना. कौतुक वाटलं. बारीकही झालीये छान.

९ मार्च
नवरा भांडला. पोरगी वाळत चाललीये आणि तुला व्याख्यानं सुचतायत, म्हणे. मी म्हटलं, आधी स्वतःच्या पोटाचा नगारा बघ.

१४ मार्च
शाळेतून फोन. जिन्यात कोसळली.

१५ मार्च
दवाखाना. मनगट माझ्या चिमटीत मावतं. मला कसं दिसलं नाही? दिवसभर लोकांची वजनंच तर करते मी!
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, डबा कोण भरतं. मी. परत कसा यायचा? बरेचदा भरलेलाच. मला वाटायचं, पोरीला संयम आहे. हे मी त्यांना सांगितलंसुद्धा. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.
ठोके फार मंद पडलेत. असंच चाललं तर हृदय बंद पडेल — सरळ सांगितलं.

२१ मार्च
घरी आणलं. वजनकाटा हद्दपार. जेवताना अन्नाबद्दल मी अवाक्षर काढायचं नाही. स्वयंपाक नवऱ्याकडे. भाताचा गिचका करतो बिचारा, वर तेलाची धार! मी जीभ चावून बसते. ती दोन घास खाते आणि रडते. मग मी मोरीत जाऊन रडते.

२८ मार्च
डॉक्टरीणबाईंचं नवं फर्मान — लेकीला गाडीवर न्यायचं आणि दोघींनी पाणीपुरी खायची. तळलेली, बटाट्याची, गोड चटणी घालून. मजेत! मला आजपासूनच धडकी भरलीये. खाईल का ती?

२९ मार्च
खाल्ली! डोळे मिटून एक, मग दुसरी. पाणी हनुवटीवरून ओघळलं तरी पुसलं नाही.
माझी पुरी हातातच भिजून फुटली. दुसरी घेतली. तोंडच उघडेना. शेवटची कधी खाल्ली होती, तेही आठवेना.
लेकीने हळूच माझ्या हातातला द्रोण काढून घेतला.
“आई, डॉक्टरांकडे आता तूही जा. माझ्यासाठी नको. तुझ्यासाठी.”