मागच्या जिन्याची किल्ली

आई,

बुद्ध, धम्म आणि संघ यांना वंदन करून, आणि हे लिहून होईपर्यंत जिभेवर संयम राहावा एवढी कृपा त्यांच्याकडे मागून, तुला लिहायला बसले आहे. ती कृपा मिळेलच अशी खात्री नाही. मन इतके विटले आहे की आज सकाळच्या वंदनेत गाथा ओठांवर आल्या, मन मात्र त्यांच्याबरोबर आले नाही. तू गेलीस त्याला पाव शतक होऊन गेले. तुला अक्षर येत नव्हते, तरी मी शिकायला पुण्याला होते तेव्हा माझी पत्रे तू शेजारच्या मास्तरांकडून दोनदोनदा वाचून घ्यायचीस, आणि दुसऱ्यांदा ऐकताना चुकीच्या जागी हसायचीस. या पत्रात हसण्याजोगी एकच जागा आहे, आणि तिथे मला अजून हसू आलेले नाही.

पुण्याकडून स्वाइन फ्लू नावाच्या तापाची साथ इकडे आली. शाळा, सिनेमागृहे, शिकवण्या काही दिवस बंद राहिल्या आणि आता पुन्हा उघडल्या. उघडताना शहराच्या आरोग्य खात्याने एक पत्रक काढले आणि रिक्षावर कर्णा लावून ते गल्लोगल्ली वाचून दाखवले. मी आयुष्यभर पाली शिकवली. नियमांची भाषा मला कळते, आणि ते पत्रक चांगले होते. ताप-खोकला असेल त्याने घरी थांबावे. हात साबणाने धुवावेत. शिंकताना रुमाल धरावा. गर्दीत जाऊ नये, एकमेकांत अंतर ठेवावे. आणि शेवटी, रुग्णाला वा त्याची सेवा करणाऱ्यांना वाळीत टाकू नये. तथागतांनी भिक्खूंना शौचकूप कसा धुवावा, तिथले पाण्याचे भांडे कसे भरून ठेवावे इथपर्यंत सांगितले आहे. आणि स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या, कोणी विचारत नसलेल्या आजारी भिक्खूला त्यांनी स्वतःच्या हातांनी अंघोळ घातली आहे. स्वच्छता आणि करुणा तिथे वेगळ्या होत नाहीत. पत्रक तेच सांगत होते, सरकारी मराठीत.

तुझी नात सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. तू गेलीस तेव्हा ती पाटीवर अक्षर गिरवत होती. आज साथीच्या वॉर्डात तिची नेमणूक आहे. आम्ही दोघीच तिसऱ्या मजल्यावर राहतो. शाळा उघडल्या त्या आठवड्यात इमारतीच्या अध्यक्षांनी, निवृत्त बँक अधिकारी आहेत ते, खालच्या पार्किंगमध्ये सभा बोलावली आणि तुझ्या नातीचा सत्कार ठेवला. सगळे खांद्याला खांदा लावून बसले होते. प्रत्येकाच्या गळ्यात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी, मधोमध वर्तमानपत्रावर कांदाभज्यांचा ढीग, आणि त्यात सगळ्यांचे हात. अध्यक्षांनी पत्रक वाचले. जिभेला बोट लावून त्यांनी पान उलटले, मग तळहातावर शिंकले, आणि तोच हात सत्काराच्या शालीवर फिरवून तिची घडी नीट केली. शाल आणि नारळ त्यांनी एका खुर्चीवर ठेवले आणि स्वतः चार पावले मागे सरकले.

"ताई, तुमची तुम्हीच घ्या. अंतर ठेवायला सांगितलंय पत्रकात."

तिने वाकून स्वतःचा सत्कार स्वतः उचलला. टाळ्या झाल्या, फोटो झाला. मग अध्यक्षांनी खिशातून लाल दोऱ्यात ओवलेली एक किल्ली काढली आणि तीही खुर्चीवर ठेवली.

"मॅडम, गैरसमज नको," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "मागचा लोखंडी जिना आम्ही ताईंसाठी घासून घेतलाय. ही त्याच्या खालच्या दाराची किल्ली. वर बल्ब लावलाय. शाळा उघडल्यात, लेकरं पुढच्या जिन्यानं खालीवर करणार. साथ संपंस्तवर ताईंनी मागनं यायचं, बास."

"पत्रकात शेवटचं वाक्य काय आहे?" मी विचारले.

"वाळीत टाकू नये. वाचलं की मी. म्हणून तर सत्कार ठेवलाय!"

"व्हीआयपी गेट झालं की वो ताईंचं!" मागून कोणीतरी म्हणाले, आणि सगळे हसले. तू असतीस तर चुकीच्या जागी हसली असतीस ती हीच जागा, आई.

मी उठणार तोच तिने माझा हात दाबला. वर आल्यावर म्हणाली, "दिवसभर पाय टेकायला मिळत नाही गं तिथं. कुठल्याही जिन्यानं येऊ दे, मला नुसतं घरी येऊन झोपायचंय. आणि जास्त ताणलंस ना, तर मी होस्टेलवर जाईन. मग राहा इथं भांडत एकटी." मी विषय सोडला. ती गेली तर या घरात माझ्याशी बोलणारे दुसरे कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी मी उभी राहिले आणि खालून लोखंडावरची पावले ऐकू आली. पाऊस कोसळत होता, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या होत्या, आणि एका हाताने छत्री, दुसऱ्याने कठडा धरून तुझी नात गोल गोल फिरत वर येत होती. तो आवाज मला ओळखीचा होता. तू आया होतीस त्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे असाच जिना होता. रुग्णांची भांडी खाली नेणाऱ्यांनी त्यानेच चढायचे, त्यानेच उतरायचे. आपण धम्म स्वीकारल्यानंतरची ती सकाळ आहे. तू धुवट पांढरे लुगडे नेसली आहेस, आणि मी सवयीने मागच्या बाजूला वळते. तू माझे मनगट धरून खेचतेस. "तिकडं कुठं निघालीस? पाय मोडून हातात दीन." आणि तू पुढच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवतेस. डॉक्टरीणबाई वरून म्हणतात, "अगं, तुझा जिना तिकडं आहे." तू थांबत नाहीस.

"भांडं घिऊन उतरताना तिकडनंच उतरीन, बाई. घाण हाय ती, पेशंटांच्या अंगावरनं कशाला न्यायची? पर आता रिकाम्या हातानं आलोय मी. जिना तुमचा हाय, पाय माजं हाईत."

डॉक्टर वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "येऊ दे तिला. बरोबर बोलतीय." नंतर मी पुष्कळ पोथ्या वाचल्या, त्यांवर भाष्ये वाचली, भाष्यांवर व्याख्याने दिली, पण घाण कशाला म्हणावे आणि माणूस कशाला, हे इतके स्वच्छ वेगळे करून कोणी सांगितलेले माझ्या वाचनात आले नाही. तू ज्या तऱ्हेचा जिना चढायला नाकारलास त्यावर तुझ्या नातीला शाल देऊन चढवले आहे, आणि मी दार उघडून चहा पुढे करते, याची मला शिसारी येत होती. त्यांची आली तशी माझीही.

मग परवा दुपारी, ती रजेवर झोपलेली असताना, मागच्या दाराची कडी वाजली. बाहेर अध्यक्षांच्या पत्नी उभ्या होत्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या, नखशिखांत भिजलेल्या.

"ताई हायत का? ह्यांचा ताप उतरंना झालाय. धाप लागतीया."

"कधीपासून?"

"सत्काराच्या आदल्या दिवसापास्नं. गोळी घिऊन बसलेलं सभंला. कुणाला सांगू नगासा मॅडम, पोरगा कागलला एमआयडीसीत हाय, कळलं तर त्याला गेटावरनंच माघारी धाडतील. जिन्याचं खालचं दार उघडं दिसलं, म्हणून हिकडनं आलो. पुढनं आलो असतो तर सगळ्यांनी बघितलं असतं."

मी म्हणाले, "खाली उतरा, आणि पुढच्या जिन्यानं वर या. मग दार उघडते." आणि दार लावून घेतले.

आतून तुझी नात उठून आली. काय झाले ते मी सांगितले. तिने माझ्याकडे असे पाहिले की तसे कोणी पाहिलेले मला आठवत नाही. "धाप लागलेल्या माणसाच्या बायकोला तू पावसात परत पाठवलंस?" तोंडाला मास्क बांधून तिने पुढचे दार उघडले. त्या बाई दुसऱ्या मजल्यापर्यंत धापा टाकत आल्या होत्या. शेजाऱ्यांची दारे किलकिली झाली होती. ती त्यांचा दंड धरून त्याच जिन्याने, सगळ्यांच्या देखत, खाली गेली आणि अध्यक्षांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. ते आता तिच्याच वॉर्डात आहेत. उतार पडतो आहे. हाताला थरथर आहे म्हणून पाण्याचा पेला ती त्यांच्या ओठांना लावते. त्या दिवसापासून ती पुढच्या जिन्यानेच येते; कोणी तिला अडवलेले नाही.

इथे पत्र संपायला हवे होते. पण आज सकाळी इमारतीतले तिघे माझ्या दारात आले, रुमाल नाकाला लावून, नम्रपणे. "मॅडम, ती मागच्या जिन्याची किल्ली द्या की. अध्यक्षांच्या घरात पेशंट निघालाय. काकूंना आता तिकडनंच खालीवर करायला सांगतोय. पत्रकात हायच तसं." ज्यांनी तळलेल्या भज्यांत कालपरवा यांचे हात होते, त्या बाईंसाठी आज तीच किल्ली. एखाद्या जातीचा द्वेष असता तर मी तो ओळखला असता, आयुष्यभर ओळखत आले आहे. इथे तर नुसता रिकामा जिना होता, आणि त्यावर कोणीतरी चढलेले यांना बघायचे होते.

मी सांगितले, किल्ली हरवली.

खोटे न बोलण्याचे चौथे शील मी वर्गातल्या मुलींना रोज सकाळी म्हणायला लावत आले. ते मी आज उंबऱ्यात उभी राहून मोडले, आणि आई, मला त्याचा पश्चात्ताप होत नाही. किल्ली तुझ्या तसबिरीमागे आहे. हे पत्रही घडी करून तिथेच ठेवते आहे, तुला वाचून दाखवणारे मास्तरही आता उरले नाहीत. कधी कोणाच्या हाती पडलेच, तर ते वाचणाऱ्या प्रत्येकाचे मंगल होवो. त्यांच्या घरी ताप येऊ नये, आणि आलाच तर पुढच्या जिन्याने येणारे कोणी त्यांना लाभावे. त्या अध्यक्षांचेही मंगल होवो. हे शेवटचे वाक्य लिहायला मला दुपार लागली.