बाटलीतले बुडबुडे

४ फेब्रुवारी
अजून बुडबुडे. एकोणिसावा दिवस.
विषाणूचा न्यूमोनिया गेला, पण जाताना उजव्या फुप्फुसाला भोक पाडून गेला. तिथून निसटणारी हवा बरगड्यांमधल्या नळीतून पलंगाखालच्या बाटलीत येते आणि पाण्यात बुडबुडते. मी कामावर गॅसच्या पाइपांतली गळती शोधते. आता मीच गळते आहे!

५ फेब्रुवारी
दुसऱ्यांदा तोच उपाय. माझ्याच हातातून काढलेलं रक्त नळीवाटे छातीत सोडलं — गोठून भोक बुजावं म्हणून. मग दर दहा मिनिटांनी कूस बदल. शेजारच्या पलंगावरच्या मावशी म्हणाल्या, "चांगली दोन्ही बाजूंनी भाजून निघशील हो!" हसले. हसलं की दुखतं.
पाच वाजता मावशींना भेटायला घरची चौघं आली. मी भिंतीकडे वळले. ती पाळी त्या कुशीची नव्हती.

७ फेब्रुवारी
बुडबुडे चालूच. सर्जन म्हणाले, परवा ऑपरेशन. फुप्फुसं अजून ताठ आहेत, व्हेंटिलेटरवरून परत येण्याची खात्री नाही — हेही सांगितलं. मला सरळ बोलणं आवडतं.
"घरचं कोण आहे? सही लागेल."
"मी करते."
"तुझी तर हवीच गं. दुसरी?"
दुसरा फक्त दादा. बाबांचा व्हेंटिलेटर काढायची सही त्याने एकट्याने केली होती. मी त्याला म्हटलं होतं, तू मारलंस त्यांना. त्यानंतर तीन वर्षं आम्ही बोललो नाही.
फोन लावला. तारीख सांगितली, सही सांगितली. दादा म्हणाला, "आजच निघतो. दीड दिवस लागेल. जेवतेस का नीट?"

८ फेब्रुवारी, सकाळ
श्वास रोखून पाहिला. बुडबुडे थांबले नाहीत. खोकले — वाढले नाहीत. आधी ते माझ्या श्वासाबरोबर कमीजास्त व्हायचे. पाच तारखेच्या रक्तापासून एकसारखे, माझ्याशी काही देणंघेणं नसल्यासारखे!
पाइपवर संशय घेण्याआधी सांधा तपासायचा, हे मीच नव्या लोकांना शिकवते. तीन दिवस सुचलं नाही. बिघाड माझ्यातच, असं धरून चालले होते.
सिस्टरना म्हटलं, नळी छातीपाशी क्षणभर दाबून धरा. "आता तू मला शिकव!" म्हणाल्या, पण दाबली. छातीतली हवा बंद, तरी बुडबुडे चालूच.
"अगं बाई!"
रक्त सोडायला उघडलेला सांधा परत बसवताना तिरका बसला होता. वर चिकटपट्टी, म्हणून दिसला नाही. बाटलीला जोडलेलं, छातीतली हवा ओढून घेणारं यंत्र तिथून वॉर्डातली हवा ओढत होतं. सिस्टरनी नवा जोड बसवला. पाणी स्तब्ध.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
खोकले तरी एक बुडबुडा नाही. एक्स-रेत फुप्फुस पूर्ण फुललेलं. ऑपरेशन रद्द. सही नको.
दादाची गाडी उद्या सकाळी सातला पोचते. त्याला कळवलेलं नाही.