दुपारी नक्की काय बंद असतं

सोमवार, ७ जुलै
सानिका आज फॅक्टरीत आली होती. इथे आखातात, कुसैसला, आमच्याच इमारतीत, आमच्याच मजल्यावर वाढलेली पोर, आता आमच्याच कंपनीच्या हेड ऑफिसात पर्यावरणाचा वार्षिक अहवाल करते. दुपारी शहरात विजेची ओढाताण असते, तेव्हा आपण कोल्ड स्टोअरचे कॉम्प्रेसर बंद ठेवतो, असं तिने मोठ्या कौतुकाने लिहिलंय. वाचून दाखवलं.
"हे तुला कुणी सांगितलं गं?"
"काका, यू ओन्ली. मी विचारलं होतं, दुपारी बंद? तुम्ही म्हणालात, हो, बंद."
म्हणालो होतो खरा, कॉम्प्रेसर मीच तर चालवतो. आमच्याकडे मल्याळी असो, पठाण असो, 'बंद' म्हणजे कोल्ड स्टोअरची लाइन बंद, बाहेरची वीज बंद. कॉम्प्रेसर चालूच, जनरेटरवर. दुपारभर डिझेलचा धूर.
तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मॅनेजर जॉर्जसाहेब शेजारीच उभे.

मंगळवार, ८
सौ. वांगी चिरत होती. तिला सांगितलं.
"अहो, त्या अहवालाखाली पोरीची सही होणार ना?"
"होणार."
"मग?"
मग काय. साठी उलटलेला माणूस मी, कॉन्ट्रॅक्ट दरवर्षी जॉर्जसाहेबांच्या शिफारशीवर. याच महिन्यात परत सही व्हायची आहे. त्यालाच व्हिसा बांधलेला. पण सानिका आमच्या कॉरिडॉरमध्ये चालायला शिकली...
फोन लावला. सगळं सांगितलं.
"बट काका, मीटर झीरो दाखवतंय."
मीटर बाहेरच्या विजेचं, बाळा. आणि डिझेल ट्रकांच्या टाकीतूनच येतं, म्हणून हिशेबात ते ट्रकांच्या नावावर गेलं. कुणी लपवलं असंही नाही. कुणी विचारलंच नाही.
ती हळूच म्हणाली, "खलास?"
खलास कशाने? अजून छापलं नाहीये.

गुरुवार, १०
जॉर्जसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला.
"अंकल, बच्ची को क्या बोला आपने?"
"जो है वो बोला, साहेब."
"हेड ऑफिस बोलता है, लिखा हुआ रहने दो. मंडे को ऑडिटर आ रहा है." थोडं थांबून, "आपका पेपर मेरे टेबल पे ही है."
एवढंच. धमकी म्हणावी तर तसंही नाही. चहात साखर बरोबर मला लागते तेवढी, अर्धा चमचा.
सानिकाने तो परिच्छेद काढला होता, वरच्यांनी परत घातला. ती म्हणते, सही करणार नाही. तिचं तरी कुठे पक्कं आहे, प्रोबेशनच चालू आहे.


शुक्रवार, ११
अर्धा दिवस. घरी न जाता साहेबांकडेच गेलो, म्हटलं एक उपाय आहे.
जनरेटर लागतो तो दारांपायी. दुपारी माल भरायला दारं सताड उघडी, उकाडा आत लोटतो. सकाळी खोली नेहमीपेक्षा जास्त गार करून ठेवली, माल पहाटेच काढला आणि दुपारी दारांना हात लावला नाही, तर कॉम्प्रेसर खरंच थांबवता येतील, आणि अहवालातलं वाक्य खरं ठरेल. बहुतेक. आजवर केलं नाही कुणी.
"ट्रकवाले सुनेंगे?"
"मी बोलतो त्यांच्याशी."
"और माल गया तो? गर्दन मेरी जाएगी, अंकल."
खरंय त्यांचंही. दोन पोरं शाळेत आहेत त्यांची.
"एक दुपार द्या, साहेब."
शेवटी साहेब म्हणाले, "मंडे. ऑडिटर के सामने. टेम्परेचर लिमिट के पार गया तो जनरेटर चालू, और लड़की जो चाहे लिखे."
माझ्या कॉन्ट्रॅक्टचा पेपर तिथेच टेबलावर, बिनसहीचा.

सोमवार, १४, दुपार
कंट्रोल रूममध्ये बसून लिहितोय, हात रिकामे राहवत नाहीत. कॉम्प्रेसर आणि जनरेटर दोन्ही थांबलेत. इतकी शांतता या खोलीत कधी ऐकली नव्हती.
ऑडिटर बाई पडद्यासमोर. सानिका त्यांच्या मागे, माझ्याकडे बघत नाही. तापमानाचा आकडा मघाशी जरा चढला, मग थांबला. आता परत सरकलाय. लिमिट अजून वर आहे, पण फार नाही.
बाहेर एक ट्रक आलाच, सांगूनसुद्धा. त्याचा पठाण ड्रायव्हर दारावर थापा मारतोय, "उस्ताद, खोलो यार, दो मिनट का काम है."
आमच्यापैकी कुणी उठलं नाही.
मागे अजून एक हॉर्न.
जॉर्जसाहेब जनरेटरच्या बटणापाशी उभे. शर्ट पाठीला चिकटलाय, एसी असून. आकडा परत हलला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच म्हटलं, थांबा.